बिल निघायला वेळ का लागतो? नवी मशीन घेण्याआधी मोजून पाहा

दुकानात, कारखान्यात आणि गोदामात कॉम्प्युटर येऊन आता बरीच वर्षे झाली. पूर्वी ज्या व्यापाऱ्याच्या गादीशेजारी रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन लाल वह्या असत, त्याच्या टेबलावर आज बिलाचे सॉफ्टवेअर चालते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यानंतर तर अनेक लहान दुकानदारांनी आणि कारखानदारांनीही ते घेतले. पहिली एक-दोन वर्षे काम झटपट होते. नाव टाकले की पार्टीची बाकी दिसते, बटण दाबले की बिल हातात येते. मग हळूहळू पडद्यावरचे चक्र जास्त वेळ फिरू लागते. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळते. आठवड्याच्या मजुरीच्या दिवशी कारागीर रांगेत उभे असतात आणि त्यांचा हिशेब काही केल्या पुढे सरकत नाही.

अशा वेळी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलाचे उत्तर बहुधा ठरलेले असते, "चाचा, मशीन जुनी झाली, नवी घेऊन टाका." व्यापारी हजारो रुपये मोजतो, नवी मशीन येते, काही महिने बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. कारण दुखणे कुठे आहे हे कोणी तपासलेलेच नसते. अंगाचे माप घेतल्याशिवाय शिंपी कापडाला कात्री लावत नाही, वजन केल्याशिवाय सराफ भाव सांगत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण डोळे झाकून खर्च करतो. वास्तविक कोणत्या कामाला किती वेळ लागला हे मोजण्याची साधने डेटाबेसमध्येच असतात, आणि ती बहुतेक फुकट असतात. त्यांची माहिती व्यापारी बांधवांना असावी, म्हणून हा लेख.

क्वेरी म्हणजे काय?

बिलाच्या सॉफ्टवेअरच्या पोटात डेटाबेस असतो. त्यात पार्ट्यांची, मालाची, बिलांची आणि वसुलीची अशी वेगवेगळी टेबले असतात. आपण पडद्यावर एखादे नाव टाकून बटण दाबतो तेव्हा सॉफ्टवेअर या डेटाबेसला एक प्रश्न विचारते. 'अमुक पार्टीकडे किती येणे आहे?', 'अमुक नंबरचा माल गोदामात किती शिल्लक आहे?' अशा प्रश्नाला क्वेरी म्हणतात.

डेटाबेसची ही टेबलांची पद्धत आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिचे वैशिष्ट्य असे की काय हवे एवढेच सांगायचे, ते कसे शोधायचे हे डेटाबेसने ठरवायचे. १९७९ मध्ये आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रीत प्रसिद्ध केली. एका प्रश्नाचे उत्तर काढण्याचे जितके मार्ग असतील त्या प्रत्येकाच्या खर्चाचा अंदाज बांधायचा आणि सर्वांत स्वस्त मार्ग निवडायचा, अशी ती रीत आहे. आजचे मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारखे डेटाबेस साधारणपणे याच वाटेने चालतात.

ही मोठी सोय आहे, पण घोळाचे मूळही इथेच आहे. डेटाबेसने कोणता मार्ग निवडला हे क्वेरी लिहिणाऱ्या प्रोग्रामरलाही न विचारता कळत नाही. उत्तर बरोबर आले की तो पुढच्या कामाला लागतो. ते उत्तर दहा नोंदी पाहून आले की दहा लाख, याचा पत्ता त्याला नसतो.

रोजकीर्द आणि खतावणी

हा फरक जुन्या वह्यांवरून चांगला समजतो. रोजकीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे लिहिलेले असतात. एका पार्टीची बाकी रोजकीर्दीतून काढायची तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ वाचावी लागेल. खतावणीत तसे नसते. तिच्या सुरुवातीला नावांची अनुक्रमणिका असते. नाव पाहायचे, पान नंबर घ्यायचा आणि थेट ते पान उघडायचे.

डेटाबेसमध्ये या अनुक्रमणिकेला इंडेक्स म्हणतात. इंडेक्स नसेल तर डेटाबेस पूर्ण टेबल चाळतो, असेल तर नेमक्या जागी जातो. इंडेक्सची आज सर्वांत जास्त वापरली जाणारी रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंग कंपनीत काम करताना तयार केली व १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. ती झाडासारखी असते. समजा अनुक्रमणिकेच्या एका पानावर १०० खुणा मावतात. पहिले पान १०० पानांकडे बोट दाखवते, त्यातले प्रत्येक पुन्हा १०० पानांकडे. असे तीन टप्पे झाले की १०० गुणिले १०० गुणिले १००, म्हणजे १० लाख नोंदी झाल्या. याचा अर्थ १० लाखांतली एक नोंद सापडायला अनुक्रमणिकेची तीनच पाने उघडावी लागतात.

सुरुवातीला वेगवान असलेले सॉफ्टवेअर पुढे का मंदावते, याचे एक मोठे कारण यात दडले आहे. पहिल्या महिन्यात ५०० नोंदी असतात. इंडेक्स नसला तरी त्या क्षणात चाळून होतात. काही वर्षांनी ५ लाख नोंदी होतात, म्हणजे चाळण्याचे काम हजारपट. प्रोग्रामची एक ओळही बदललेली नसते, मशीनही बिघडलेली नसते. वही तेवढी जाड झालेली असते.

अंदाज चुकतो तो असा

प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो हे मोजून काढण्याच्या कामाला प्रोफायलिंग म्हणतात. डोनल्ड कनुथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतील प्रत्यक्ष वापरातले प्रोग्राम तपासले. प्रोग्रामचा ४ टक्क्यांहून कमी भाग साधारणपणे चालण्याचा निम्म्याहून जास्त वेळ खातो, असे त्यांना दिसले. हा छोटासा भाग कोणता, हे केवळ प्रोग्राम वाचून भल्याभल्यांना ओळखता येत नाही. त्यासाठी मोजावेच लागते.

अलीकडचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा रॉकस्टार कंपनीचा कॉम्प्युटरवरचा खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागत. खेळाशी आपल्याला देणेघेणे नाही, पण यातला मुद्दा दुकानदारीचा आहे. वर्षानुवर्षे लोक ही दिरंगाई सोसत होते. २०२१ च्या फेब्रुवारीत एका प्रोग्रामरने, मूळ प्रोग्राम हाती नसतानाही, बाहेरून मापन करून पाहिले. वेळ खाणारी गोष्ट निघाली ती खेळातल्या दुकानाच्या मालाची यादी!

या यादीत सुमारे ६३ हजार वस्तू होत्या आणि तिची फाइल १० मेगाबाइटच्या आसपास होती. दोष दोन होते. एक, फाइलमधून प्रत्येक तुकडा वाचताना प्रोग्राम उरलेल्या पूर्ण फाइलची लांबी पुन्हा पुन्हा मोजत होता. दोन, प्रत्येक वस्तू यादीत घालण्याआधी ती आधी आली आहे का, हे आतापर्यंतच्या सगळ्या वस्तू एकेक करून पाहत होता. अशा तपासण्यांची बेरीज १९८ कोटींवर जाते. अनुक्रमणिका नसलेल्या वहीचाच हा प्रकार. दोन्ही दोष काढल्यावर त्या प्रोग्रामरच्या मशीनवर ६ मिनिटांचे काम १ मिनिट ५० सेकंदांवर आले. मशीन तीच राहिली. मार्च २०२१ मध्ये कंपनीने दोष मान्य करून दुरुस्ती जारी केली आणि त्या प्रोग्रामरला १० हजार डॉलरचे बक्षीस दिले. एवढ्या बड्या कंपनीच्या घरात जे घडते ते आपल्या दुकानातही घडू शकते.

मोजायचे कसे?

पहिली पायरी घड्याळाची आहे आणि ती व्यापाऱ्याने स्वतः करावी. 'कॉम्प्युटर हळू चालतो' ही तक्रार प्रोग्रामरच्या उपयोगाची नाही. कोणत्या पडद्यावर, कोणते बटण दाबल्यावर, किती सेकंद लागतात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे आठवडाभर एका वहीत लिहून काढावे.

दुसरी पायरी म्हणजे त्या वेळेची फोड. समजा एका ठोक कापड व्यापाऱ्याकडे बिल निघायला १२ सेकंद लागतात. प्रोग्रामरने फोड केली तर ९ सेकंद पार्टीची जुनी बाकी शोधण्यात, २ सेकंद छपाईत आणि १ सेकंद इतर कामात जातो असे दिसले. आता दुप्पट वेगाचा प्रिंटर घेतला तर १२ चे ११ सेकंद होतील. दुप्पट वेगाची मशीन घेतली तर शोध साडेचार सेकंदांवर आणि इतर काम अर्ध्या सेकंदावर येईल, छपाईचे २ सेकंद तसेच राहतील. एकूण ७ सेकंद झाले. पण नोंदी दुप्पट झाल्या की शोध पुन्हा ९ सेकंदांवर जाऊन बसेल. त्याऐवजी योग्य इंडेक्स केला आणि शोध क्षणात होऊ लागला तर जुन्याच मशीनवर बिल ३ सेकंदांच्या आसपास निघेल. जो भाग जास्त वेळ खातो तोच सुधारला तर फायदा मोठा, हा हिशेब जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये अनेक प्रोसेसर जोडण्याच्या संदर्भात मांडला होता. दुकानालाही तो लागू पडतो.

तिसरी पायरी आहे डेटाबेसच्या नोंदवहीची. मायएसक्यूएलमध्ये 'स्लो क्वेरी लॉग' नावाची सोय आहे. ठरावीक वेळेपेक्षा जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी त्यात लिहिली जाते. ही सोय मुळात बंद असते आणि तिची मर्यादा १० सेकंदांची असते. दुकानाच्या कामाला १० सेकंद फार झाले, म्हणून ती सुरू करून मर्यादा १ सेकंदावर किंवा त्याहून खाली आणण्यास सांगावे. पोस्टग्रेसमध्येही अशी नोंद ठेवता येते.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. संशयित क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' हा शब्द लावला की डेटाबेस आपण कोणत्या मार्गाने जाणार ते सांगतो. मायएसक्यूएलच्या उत्तरात प्रकाराच्या रकान्यात 'ऑल' असे आले तर पूर्ण टेबल चाळले जात आहे असे समजावे. पोस्टग्रेसमध्ये 'सेक स्कॅन' आणि मोबाइलमध्येही चालणाऱ्या एसक्यूलाइटमध्ये 'स्कॅन' हे शब्द तेच सांगतात. 'एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ' लावले तर पोस्टग्रेस ती क्वेरी खरोखर चालवून प्रत्येक टप्प्याचा वेळ, आलेल्या नोंदी आणि तो टप्पा किती वेळा चालला तेही दाखवते. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. अर्थात टेबल लहान असेल किंवा त्यातल्या बहुतेक नोंदी हव्याच असतील, तर पूर्ण चाळणे हाच स्वस्त मार्ग असतो. शंका तेव्हा घ्यावी, जेव्हा पाच नोंदी दाखवण्यासाठी पाच लाख नोंदी पाहिल्या जातात.

किती वेळा, हेही मोजा

एका क्वेरीचा वेळ पाहून भागत नाही. महिनाअखेरचा अहवाल ४० सेकंद घेतो म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. पण तो महिन्यातून एकदाच काढला जातो. मालाचे नाव शोधायला फक्त ०.६ सेकंद लागतात म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. हा शोध दिवसातून ५०० वेळा होत असेल तर रोजची ५ मिनिटे आणि २६ दिवसांची २ तास १० मिनिटे होतात. दर आणि नग यांचा गुणाकार केल्याशिवाय रक्कम कळत नाही, तसेच हे आहे. पोस्टग्रेसच्या सोबत मिळणारे एक जोडसाधन प्रत्येक क्वेरी किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ घेतला याची यादीच देते.

मोजदाद केल्याशिवाय न सापडणारा आणखी एक दोष आहे. समजा ३०० पार्ट्यांची येणे बाकी दाखवायची आहे. प्रोग्रामरने आधी पार्ट्यांची यादी मागवली आणि मग प्रत्येक पार्टीची बाकी वेगळी विचारली. झाल्या ३०१ क्वेऱ्या. गोदामातून ३०० नग आणायला पोऱ्याला एकाच चिठ्ठीवर न पाठवता ३०० खेपा मारायला लावण्यासारखे हे आहे. डेटाबेस दुकानातच असेल आणि एका खेपेला २ मिलिसेकंद लागत असतील तर एकूण ०.६ सेकंद होतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच डेटाबेस परगावच्या भाड्याच्या सर्व्हरवर नेला आणि खेपेला ४० मिलिसेकंद लागू लागले की १२ सेकंद होतात. मग दोष इंटरनेटला दिला जातो. यातली एकही क्वेरी स्वतः हळू नसल्याने ती स्लो क्वेरी लॉगमध्येही येत नाही. हेच काम एका क्वेरीत करून घेता येते.

मापात खोट येऊ नये

तराजू नीट नसेल तर वजन खोटे येते. येथेही काही पथ्ये पाळावी लागतात.

एकच क्वेरी लागोपाठ दुसऱ्यांदा चालवली की बहुधा लवकर होते, कारण पहिल्या वेळी डिस्कवरून आणलेला मजकूर मशीनच्या मेमरीत तयार असतो. सबब एकदा मोजून निष्कर्ष काढू नये. पहिली वेळ वेगळी लिहावी आणि नंतरच्या पाच-दहा वेळा वेगळ्या.

प्रोग्रामर आपल्या घरी पन्नास नोंदींवर प्रोग्राम चालवून पाहतो आणि 'माझ्याकडे तर झटकन होते' म्हणतो. मापन आपल्या खऱ्या डेटाबेसच्या प्रतीवर झाले पाहिजे. प्रतीसाठी आणखी एक कारण आहे. 'एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ' क्वेरी प्रत्यक्ष चालवते. नोंदी खोडणाऱ्या क्वेरीला ते लावले तर पोस्टग्रेसमध्ये नोंदी खरोखर खोडल्या जातील.

केवळ सरासरीवर जाऊ नये. शंभर बिलांपैकी ९५ बिले १ सेकंदात आणि ५ बिले २१ सेकंदांत निघाली तर सरासरी २ सेकंद येते. पण ताटकळलेल्या त्या पाच गिऱ्हाइकांचे समाधान सरासरीने होत नाही. तसेच मोजणी दुपारच्या निवांत वेळेत न करता गर्दीच्या वेळीही करावी. आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

इंडेक्स म्हणजे रामबाण नव्हे

दोष सापडल्यावर प्रत्येक रकान्याला इंडेक्स लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. एका वहीला दहा अनुक्रमणिका केल्या तर प्रत्येक नवी नोंद लिहिताना त्या दहाही सुधाराव्या लागतात. शोध वाढतो, पण लिहिणे मंदावते. ज्या रकान्यावरून रोज शोध होतो त्यालाच इंडेक्स असावा.

कधी इंडेक्स असूनही वापरला जात नाही. तारखेतून वर्ष वेगळे काढून तपासणारी क्वेरी तारखेच्या साध्या इंडेक्सचा फायदा घेऊ शकत नाही. १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत अशी सरळ हद्द घालून विचारले तर घेऊ शकते. नावाची सुरुवात न देता मधलीच अक्षरे शोधायला सांगितली तरी साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो, जसे आडनावाच्या शेवटच्या अक्षरावरून खतावणीची अनुक्रमणिका पाहता येत नाही.

आणि कधी मोजल्यानंतर असेही निघते की क्वेरी ठीक आहे, मेमरीच अपुरी आहे किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क मंद आहे. मग अवश्य खर्च करावा. तो खर्च मापावर झालेला असेल.

प्रोग्रामरला हे विचारा

व्यापाऱ्याने प्रोग्रामर होण्याची गरज नाही. गवंडीकाम न येणारा माणूसही भिंतीला ओळंबा लावायला सांगू शकतो. पुढच्या वेळी नव्या मशीनचा सल्ला मिळाला तर पैसे मोजण्याआधी एवढे प्रश्न विचारावेत.

१) बिलाच्या एकूण वेळेपैकी डेटाबेसमध्ये किती गेला आणि छपाईत, इंटरनेटमध्ये व इतरत्र किती?

२) स्लो क्वेरी लॉग सुरू आहे का? त्याची मर्यादा किती सेकंदांची आहे?

३) सर्वांत जास्त एकूण वेळ घेणाऱ्या पाच क्वेऱ्या कोणत्या, आणि त्या दिवसातून किती वेळा चालतात?

४) त्यांचे एक्स्प्लेन काय सांगते? किती नोंदी पाहिल्या आणि किती दाखवल्या?

५) एका पडद्यासाठी किती क्वेऱ्या जातात?

६) दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा वेळ, त्याच मशीनवर, तेवढ्याच नोंदींवर, लिहून देणार का?

चांगल्या प्रोग्रामरला हे प्रश्न आवडतील, कारण त्याच्या कामाचे चीज होण्याची ही संधी आहे. ज्याला ते आवडणार नाहीत त्याच्या सल्ल्यावर पैसे खर्च करावेत की नाहीत, हे व्यापारी बांधवांनी स्वतःच ठरवावे.